भाव स्थिरावेपर्यंत

१

ज्या संध्याकाळी एखाद्या कंपनीचा निकाल असे, त्या संध्याकाळी मी दिवा लावायची आणि तोंड मिटून घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडून भाव स्थिरावेपर्यंत बोलायचं नाही, खायचं नाही, दिवा विझू द्यायचा नाही. हे व्रत मला कुणी सांगितलेलं नव्हतं, माझं मीच घेतलं होतं. संसारात ज्याला जे जमतं ते त्याने करावं. ह्यांना आकडे जमत होते, मला गप्प बसणं.

हे पूर्वी विमा कंपनीत दावे तपासायचे. ती कचेरी बंद झाली तेव्हा ह्यांनी घरातली मागची छोटी खोली रिकामी केली, टेबलावर दोन स्क्रीन मांडले आणि शेअर बाजारातल्या ऑप्शनचं काम सुरू केलं. मला त्यातलं समजलं ते एवढंच: कंपनीचा तिमाही निकाल जवळ आला की लोकांना धास्ती बसते. शेअर उसळेल का, कोसळेल का? त्या धास्तीपायी ते ऑप्शन, म्हणजे भाव हलला तर भरपाई देणारे करार, विकत घेतात. हे ते विकायचे. वर जाण्याचेही आणि खाली येण्याचेही. निकाल लागूनही भाव जागच्या जागी राहिला की लोकांची धास्ती उतरायची, ऑप्शन मातीमोल व्हायचे, आणि आधी मिळालेले पैसे आमच्याकडे राहायचे. भाव जोरात हलला, कुठल्याही बाजूला, तर मात्र आम्ही बुडालो.

"विमाच की हा," हे म्हणायचे. "लोक घाबरतात, आपण त्यांची भीती सांभाळायला घेतो. काही झालं नाही की आपण जिंकलो."

काही होऊ नये. इतकी साधी मागणी. एवढं तर मी लग्न झाल्यापासून रोजच मागत आले होते.

सकाळी मी स्वयंपाकघरात दिव्यासमोर बसायची. मधली भिंत पातळ होती. खुर्चीची चाकं, माउसची टिकटिक, ह्यांचं खाकरणं, सगळं ऐकू यायचं. बाजार उघडला की सगळे आवाज थांबायचे. मग थोड्या वेळाने आरोळी: "हललं नाही!" दार उघडायचं, आणि हे स्वतः चहा करून माझ्यासमोर ठेवायचे.

"झालं. बोल आता. रोज एकेक निकाल असता तर किती शांत संसार झाला असता आपला!"

"मग चहाही रोज तुम्हालाच करावा लागला असता," मी म्हणायची.

मौनानंतरचे माझे पहिले शब्द बहुधा असलेच असायचे.

२

औषधवालीच्या निकालाला कप फुटला. हे कंपन्यांना असंच म्हणायचे, औषधवाली, सिमेंटवाली, जशा काही आमच्या गल्लीतल्या बायकाच.

"हललं नाही!" ऐकू आलं आणि पाठोपाठ टक् असा आवाज. चहा द्यायला हे आले तेव्हा दुसऱ्या हातात त्यांच्या कपाचे दोन तुकडे होते. सुरीने फळ कापावं तसे सरळ. कानाच्या मधोमध चीर गेली होती.

"हातातून पडला?"

"छे गं. टेबलावरच होता. हात कीबोर्डवर माझे."

गरम चहा, गार टेबल. फुटतो कधीकधी कप. मी तुकडे कागदात गुंडाळून टाकले.

सिमेंटवालीच्या वेळी खिडकीची काच गेली. काचा खोलीत, ह्यांच्या पायांशी पडल्या होत्या, पण आत दगड नव्हता, पाखरू नव्हतं. खाली रस्त्यावर खेळणारं कुणी नव्हतं. त्यानंतरच्या निकालाला खुर्चीचा लोखंडी हात वाकला. वाकला म्हणजे पार खाली, एखाद्याने त्यावर सगळा भार देऊन उठावं तसा. हे तर त्या खुर्चीत बसलेले होते.

"मालाच्या नावाने बोंब आहे हल्ली," हे म्हणाले. ह्यांचा चेहरा मात्र खुलला होता. तज्ज्ञांनी मोठी उडी सांगितलेली, आणि भाव जागचा ढिम्म हलला नव्हता.

मी दिव्यात तेल घातलं आणि कृतज्ञतेने डोकं टेकलं.

३

पुढच्या वेळी आरोळी आलीच नाही. फट् असा ओला आवाज आला, आणि मग खुर्चीची चाकं भिंतीला आपटल्याचा.

हे बाहेर आले तेव्हा भुवई फाटलेली होती. रक्त डोळ्यातून गालावर, गालावरून सदऱ्यात. तशातही हे हसत होते.

"हललं नाही," म्हणाले. "झालं. बोल."

"हे काय झालं?"

"कपाटाचं दार लागलं."

कपाट निजायच्या खोलीत होतं.

टाके घालायला माझी नणंद आली. ती इस्पितळात परिचारिका आहे, ह्यांच्याहून धाकटी, पण तोंडाने सगळ्यांची आई.

"दादा, खरं सांग, कपाटाने मारलं की वहिनीने?"

"वहिनी कुठली मारते! ती तर कालपासून बोललीसुद्धा नाही."

"तेच म्हणते. न बोलणारी माणसंच मारतात," टाका ओढत ती म्हणाली आणि मला डोळा मारला. "वहिनी, पुढच्या वेळी जरा खाली मार. चेहऱ्यावर दिसतं."

"काहीतरीच काय, वन्सं!" मी म्हटलं. आम्ही तिघंही हसलो.

ती गेल्यावर मी ह्यांचा रक्ताळलेला सदरा पाण्यात भिजवला आणि मनाशी ठरवलं की आपलं व्रत कुठेतरी अपुरं पडतंय. घरात इजा होते म्हणजे रक्षण कमी पडतंय. पुढच्या निकालापासून मी पाणीही सोडलं.

४

एकदाच माझं व्रत मोडलं.

दूध उतू चाललं म्हणून पातेलं उतरवायला गेले आणि तळहात कडेला चिकटला. "आई गं!" तोंडातून निघूनच गेलं. मी दुसऱ्या हाताने तोंड दाबलं, पण शब्द का परत आत जातो?

त्याच क्षणी भिंतीपलीकडून ह्यांचं विव्हळणं ऐकू आलं. मी धावले. हे डोकं धरून बसले होते आणि स्क्रीनवरची रेघ सरळ वर चढत होती, थांबायचं नाव नाही. त्या सकाळी बरेच महिने कमावलेलं गेलं.

मी दारात उभी राहून खोली पाहिली ती मला अजून आठवते. टेबलावर कप, कपात चहा, चहावर एक तरंगही नाही. नवी काच धड. ह्यांच्या अंगावर ओरखडा नाही. बऱ्याच दिवसांनी ती खोली नुसती एक खोली वाटत होती.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "मी बोलले."

"वेडी आहेस का," हे म्हणाले आणि माझ्या भाजलेल्या हातावर गार पाणी ओतलं. "तुझ्या बोलण्याने बाजार हलायला लागला तर मी तुलाच नको का विकायला?"

विनोद केला खरा. पण पुढच्या निकालाच्या संध्याकाळी, मी काडी ओढत असताना, हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"आज गप्प राहशील ना गं?"

मी मान डोलावली. आता मी दिव्यासमोरून उठायचंही सोडलं होतं.

५

बोटं मोडल्याचा आवाज सुकी काटकी मोडल्यासारखा असतो. दोन काटक्या, एकामागून एक, सावकाश. दोन्हींच्या मध्ये हे "नको" म्हणाले. कुणाला म्हणाले ते मला कळलं नाही. मी डोळे घट्ट मिटून ज्योतीसमोर बसले होते आणि मनात म्हणत होते: काही होऊ नये, ह्यांना काही होऊ नये.

भाव हलला नव्हता.

या वेळी नणंद हसली नाही. प्लास्टर झाल्यावर तिने मला इस्पितळाच्या जिन्यात गाठलं.

"वहिनी, हे पडून होत नाही. कुणीतरी धरून मागे वाकवलीत ती बोटं. दंडावर वळ पाहिलेस? पाठीवरचे? जुने, नवे, एकावर एक. मी रोज पाहते असली माणसं, बहुतेक बायका असतात." ती माझ्या हातांकडे पाहत होती. "घरात तुम्ही दोघंच असता ना?"

"तुम्हाला काय वाटतं, वन्सं?"

"मला काही वाटून घ्यायचं नाहीये गं. म्हणून तर विचारतेय."

घरी आल्यावर मी नळाखाली हात धरून निरखले. तळव्यावर भाजल्याचा डाग, बोटांना तेलाचा वास. बाकी काही नाही. मग मनात आलं, हे स्वतःच करत असतील. माणूस एकटा भीतीत बसून बसून स्वतःलाच मारू लागतो, ऐकलंय मी. पण स्वतःची पाठ? मनाला एक दार दाखवावं तर त्याला दुसरं उघडं सापडत होतं.

"सोडून द्या हे काम," मी म्हटलं. "मी शिवण शिवेन. आपण दोघं असं काय खातो?"

ह्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला.

"तुला एक सांगू? भाव जागचा हलत नाही ना, तेव्हा खोलीत काहीतरी हलतं. जणू जो धक्का तिथे बसायचा तो..."  मग एकदम हसले. "विमानवालीचा एक निकाल होऊ दे. मग बंद. तुझ्या दिव्याची शपथ."

विमानवालीवर ह्यांनी होतं नव्हतं ते लावलं. घरसुद्धा.

६

निकाल आला तेव्हा बाजार बंद झालेला होता आणि माझा दिवा लागलेला होता.

हे खोलीतून आले आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले. 

"हिशोब खोटे निघाले," म्हणाले. "कंपनीचे. वर्षानुवर्षं खोटे. मोठा साहेब पळाला. सकाळी उघडताच शेअर दगडासारखा जाणार."

मी बोलू शकत नव्हते. मी हाताने विचारलं: आत्ता सुटता येत नाही?

"बाजार बंद आहे. सकाळपर्यंत हात बांधलेले."

शेजारच्या घरात कुणीतरी टीव्हीवर हसत होतं. ह्यांनी माझे दोन्ही हात आपल्या धडक्या हातात धरले. ह्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि भीती पैशांची होती की त्या खोलीची, ते डोळ्यांवरून ओळखू येत नव्हतं.

"तोंड उघडू नकोस," हे म्हणाले. "काहीही ऐकू आलं तरी. काहीही. शपथ घे."

मी ज्योतीवर हात धरून शपथ घेतली.

७

सकाळी ह्यांच्या प्लास्टरवरची पट्टी बदलायला नणंद आली. मला दिव्यासमोर पाहून तिने कपाळावर हात मारला. "बसली मौनीबाबा! कालपासून तुझ्या नवऱ्याची विमानवाली जगभर गाजतेय, आणि ही बघा." मग माझ्या शेजारीच पाटावर टेकली आणि पिशवीतून कापूस, पट्टी काढू लागली.

भिंतीपलीकडे चाकं सरकली. थांबली. बाजार उघडला असावा.

 मग ह्यांचा आवाज, लहान मुलासारखा:

"हललं नाही. अगं! हललंच नाही! सगळे विकतायत आणि भाव जागच्या जागी..."

पहिला फटका बसला तेव्हा मांडणीतली भांडी वाजली.

दुसरा भिंतीतून माझ्या पाठीत जाणवला. नणंदेच्या हातातला कापूस खाली पडला. तिसऱ्याबरोबर ह्यांचा ओरडा आला आणि चौथ्याबरोबर तो मधेच तुटला. त्यानंतर फटके येत राहिले, घाई नाही, राग नाही, खाटीक मोठा तुकडा फोडतो तसे, एक बसला की दुसऱ्याआधी नेम धरायला लागतो तेवढी उसंत.

"दादा!" नणंद धावली. दाराला कडी नव्हती, पण आतून काहीतरी जड टेकलेलं होतं. ती खांद्याने धक्के देत होती. "कोण आहे आत? वहिनी, कोण आहे आत? अगं बोल ना!"

मी उठले होते. ओठ मिटलेले होते. मी मनात तेच म्हणत होते जे नेहमी म्हणते, काही होऊ नये, काही होऊ नये, आणि प्रत्येक वेळी म्हटलं की पलीकडे फटका बसत होता. म्हटलं की बसत होता. मी एकदा म्हणायचं थांबवलं. उसंत लांबली.

भाजलेला तळहात आठवला. कपातला स्थिर चहा आठवला.

दार वीतभर उघडलं. फटीतून मला दिसलं ते एवढंच: हे भिंतीला लागून चवड्यांवर उभे होते. चवडे जमिनीला जेमतेम टेकत होते. जबडा एका बाजूला गेलेला. समोर कुणी नव्हतं. पण ह्यांचा सदरा छातीपाशी गोळा झालेला होता, मुठीत धरावा तसा, आणि त्या चुण्यांमध्ये चार खळगे होते. पाहता पाहता ते खळगे जरा सरकले. पकड नीट घेतली गेली.

"पडू दे!" मी किंचाळले. "पडू दे तो भाव! घर जाऊ दे! पडू दे!"

खळगे भरून आले. सदऱ्याची एकेक चुणी हळूहळू सुटली, आणि हे भिंतीवरून घसरत खाली आले. टेबलावरच्या स्क्रीनवर रेघ कडा तुटावी तशी कोसळली. माझ्या खांद्याजवळून काहीतरी बाहेर गेलं. वारा नव्हता. विझलेल्या वातीचा वास मात्र आला.

स्वयंपाकघरात दिवा गेला होता. तेल काठोकाठ होतं.

८

घर गेलं. ते जाणारच होतं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. हे जिवंत होते. बरगड्या जुळतील, डॉक्टर म्हणाले. जबडा तारांनी बांधून टाकला होता, वरचे दात खालच्या दातांना घट्ट. बोलणं बंद, चावणं बंद, नळीने पातळ काय जाईल ते. उशाशी तारा कापायची एक छोटी कातर टांगलेली होती.

"ओकारी आली तर गुदमरेल," नणंदेने मला दाखवलं. "तेव्हा ह्या इथे, ह्या चार तारा कापायच्या. हात थरथरू द्यायचा नाही."

तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही की घरात कोण होतं. एकदाच म्हणाली, "तू बोललीस आणि ते थांबलं. मी तिथे होते. दादालाही मी सांगितलंय." मग माझ्या केसांवरून हात फिरवला. तसं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

मी ह्यांच्या उशाशी बसून भाड्याच्या खोलीबद्दल, शिवणयंत्राबद्दल बोलायची. आता मी खूप बोलायची. हे डोळ्यांनी हसायचे आणि पाटीवर लिहायचे: "रेडिओ बंद कर." मला बरं वाटायचं. माणूस थट्टा करू लागला की घर पुन्हा उभं राहतं, असं मला वाटतं.

एका सकाळी मी आले तेव्हा पलंगामागचा छोटा दिवा लखलखीत उजेडातही चालू होता. मी बटणाकडे हात नेला तर ह्यांनी मान हलवून नको म्हटलं. परिचारिका कुरकुरत होती, कालपासून हा दिवा बंद करू देत नाहीत. कालपासून नळीतून काही घेतही नाहीत, पाणीसुद्धा नाही.

"का हो?" मी विचारलं. "दुखतंय का?"

ह्यांनी पाटी उचलली. आधीच लिहून ठेवलेलं होतं:

"काळजी नको. घर परत आणतो. तुला गप्प बसायचा त्रास नाही. या वेळी मी गप्प आहे."

मग पाटी ठेवून त्याच हाताने मोबाईल उचलला. त्यावर दोन रंगांचे आकडे. काल संध्याकाळी कुठल्यातरी कंपनीचा निकाल लागला होता, आणि त्याच्या आधी ह्यांनी, एका बोटाने, पडल्यापडल्या, उरल्यासुरल्या पैशांवर ऑप्शन विकले होते.

"अहो, नाही," मी म्हटलं. "अहो, तुम्हाला कळत नाहीये. गप्प बसणाऱ्याला काही होत नाही. ते जवळच्या..."

बाहेर दालनात गाडा खडखडत गेला. सकाळचं औषधवाटप सुरू होतं. बाजार उघडायची वेळ.

"बोला काहीतरी! ओरडा! नुसतं कण्हा तरी!"

हे माझ्याकडे इतक्या मायेने पाहत होते. मी रडतेय ती आनंदाने, असंच त्यांना वाटलं असावं. त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला, मला दिसावा म्हणून. रेघ सरळ होती. काट्यासारखी सरळ.

माझ्या कोपराशी ठेवलेला पाण्याचा पेला टक् करून दुभंगला.

मी कातरीकडे झेपावले. चार तारा, एवढंच तर होतं, चार तारा, हात थरथरू द्यायचा नाही. माझा हात थरथरला नाही. तो कातरीपासून बोटभर अंतरावर थांबला, मनगटाभोवती कातडी पांढरी पडत गेली, आणि चार खळगे एकेक करून आत रुतले.

ह्यांचा एक हात मोबाईलवर होता, दुसरा प्लास्टरमध्ये.